निरोप आणि वर्दी

बंगळूर शहराला टेलिफोनच्या घंटेचा परिचय फार जुना आहे. १९४८ साली येथे इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजचा कारखाना उभा राहिला, आणि त्याच्या परिसराला दूरवाणीनगर हेच नाव मिळाले. पुढे १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेने खेड्यांसाठी लहान स्वयंचलित दूरध्वनी केंद्र तयार केले. ते १९८६ साली कर्नाटकातल्याच कित्तूर येथे प्रथम सुरू झाले. या जुन्या व्यवस्थेतील एक गोष्ट आपण सहसा ध्यानात घेत नाही. ज्या तारेवरून बोलणे जाई, त्याच तारेवरून केंद्र घंटाही वाजवी. बोलणे पोहोचविणे आणि माणसाला जागे करणे ही दोन्ही कामे एकाच हाती होती.

आज ती एका हाती राहिलेली नाहीत. तत्काळ संदेशवहनाचा सर्व्हर निरोप स्वीकारतो आणि जपून ठेवतो. परंतु निद्रिस्त फोनला स्वतः जागे करणे बहुधा त्याच्या हाती नसते. फोनमधील प्रत्येक ॲप आपापल्या सर्व्हरशी अहोरात्र जोडलेले राहिले, तर बॅटरी फार लवकर संपेल. म्हणून ॲपलने २००९ साली आणि गूगलने २०१० साली अशी योजना केली की, फोनने त्यांच्याशी एकच जोडणी उघडी ठेवावी आणि इतर सर्वांनी त्यांच्यामार्फतच फोनला हाक घालावी. या हाकेला पुश नोटिफिकेशन म्हणतात. तिच्यासाठी ‘वर्दी’ हा जुना शब्द मला योग्य वाटतो. वाड्यावर पाहुणा आला की देवडीवरचा पहारेकरी आत वर्दी देई. पाहुणा निराळा आणि वर्दी निराळी. हा भेद विसरला की काय होते, ते मी एकदा अनुभवले आहे.

एका रात्री सोलापूरहून वडिलांच्या आजारपणाचा निरोप आला. सर्व्हरवर तो रात्री दोनलाच पोहोचला होता. मी तो सकाळी ॲप उघडल्यावर वाचला. निरोप हरवला नव्हता, हरवली होती ती वर्दी. काही दिवसांपूर्वी मी फोन बदलला होता. नव्या फोनचा पत्ता सर्व्हरच्या वहीत चढलाच नव्हता, आणि वर्दी कपाटात बंद पडलेल्या जुन्या फोनच्या नावाने जात होती. वडील पुढे बरे झाले. परंतु त्या साडेचार तासांची रुखरुख अद्याप गेलेली नाही.

यावरून सर्व्हरचे पहिले कर्तव्य स्पष्ट होते : पत्त्यांची वही चोख ठेवणे. प्रत्येक फोनवरील प्रत्येक ॲपला एक सांकेतिक खूण मिळते, तिला टोकन म्हणतात. ही खूण कायमची नसते. म्हणून ॲप उघडले की ती पुन्हा नोंदवावी, सोबत तारीख लिहावी, आणि नोंद झाल्याची पोच मिळेपर्यंत प्रयत्न सोडू नये. ॲप काढून टाकलेले असल्यास ॲपलची यंत्रणा ४१० या क्रमांकाचे उत्तर पाठवून खूण बाद झाल्याचे कळविते. ते उत्तर वाचून नोंद खोडणे हे सर्व्हरचे काम आहे.

दुसरे कर्तव्य, वर्दीलाच निरोप न समजण्याचे. फोन बराच काळ बंद असेल, तर मधल्या साऱ्या वर्द्या जशाच्या तशा मिळतील याची हमी नसते. गूगलची यंत्रणा त्या जास्तीत जास्त चार आठवडे राखते, आणि एकाच विषयाच्या अनेक वर्द्यांतील शेवटचीच ठेवण्याची सोयही तिच्यात आहे. तेव्हा मिळालेल्या वर्द्यांवरून निरोपांची संख्या ठरवू नये. वर्दी मिळताच फोनने सर्व्हरकडे जाऊन, आपण शेवटी पाहिलेल्या निरोपापुढचे सर्व निरोप मागून घ्यावेत. एखादी वर्दी गहाळ झाली, तरी पुढचीने मागचा अनुशेष भरून निघतो.

तिसरे कर्तव्य संयमाचे. माणूस संगणकावर तोच निरोप वाचत असताना खिशातला फोन वाजणे हा निव्वळ उपद्रव होय. चांगला सर्व्हर क्षणभर थांबतो, आणि निरोप दुसरीकडे वाचला गेल्यास वर्दी देत नाही. दिली असल्यास ती पडद्यावरून काढून टाकण्यास फोनला सांगतो. वर्दी पोहोचविणारी यंत्रणा ‘सध्या गर्दी आहे’ असे कळवील, तर प्रत्येक प्रयत्नानंतरचे अंतर वाढवीत जावे. एकसारखे दार ठोठावू नये. नाहक घंटेचा खरा तोटा असा की, माणूस कंटाळून सगळ्याच घंटा बंद करतो, आणि मग रात्री दोनची घंटाही वाजत नाही.

चौथे कर्तव्य गुप्ततेचे. पहारेकऱ्याने पाहुणा आल्याचे सांगावे, त्याची थैली उघडू नये. वर्दीत सुमारे ४००० बाइट मावतात, म्हणून पुष्कळ सर्व्हर निरोपाचा मजकूरच तीत घालून मोकळे होतात, आणि तो तिऱ्हाइताच्या हातून जातो. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकन सिनेटर रॉन वायडन यांनी आपल्या देशाच्या न्याय खात्याला पत्र लिहून दाखवून दिले की, सरकारे ॲपल आणि गूगल यांच्याकडून वर्द्यांची माहिती मागवितात. उपाय साधा आहे. वर्दीत ‘काही आले आहे’ एवढेच असावे. मजकूर फोनने आपल्या सर्व्हरकडून आणून स्वतःच उलगडावा. एक्सएमपीपी या खुल्या संदेशप्रणालीची वर्दीविषयक ३५७ क्रमांकाची पुरवणी मजकुराविना अशी वर्दी पाठविण्याची मुभा देते. अर्थात कोणाला केव्हा वर्दी गेली, हे एवढ्याने लपत नाही. तेवढी मर्यादा मान्य केली पाहिजे.

मित्रहो, कित्तूरच्या केंद्रात घंटा वाजली नाही, तर दोष कोठे शोधायचा हे ठाऊक होते. आजची घंटा परक्या देवडीवर आहे; ती तेथून हलविणे आपल्या हाती नाही. परंतु वर्दी कोणाच्या नावे, केव्हा आणि कोणत्या शब्दांत पाठवावी, हे अजून सर्व्हर चालविणाराच ठरवितो. निरोप सर्व्हरवर पोहोचला म्हणून त्याचे काम संपत नाही. ज्याच्यासाठी तो निघाला, त्याला तो वेळेवर कळला तरच ते पूर्ण झाले.