डावा आरसा



अंगारकीला राजुरात गाडी कुठं लावायची, हा प्रश्न जालना-भोकरदनच्या माणसाला समजावून सांगायला नको. साडेतीन पीठांतलं हे गणपतीचं ठाणं. आदल्या रात्रीपासून माणसं लोटतात. अशाच एका अंगारकीला गाडी गावाबाहेर ठेवली. आणायला गेलो, तर डावा आरसा वायरीला लोंबत होता.

शेजारचे काका म्हणाले, "चिकटपट्टी मारा, चालतंय." मला नाही पटलं. जालना ते राजूर पंचवीसेक किलोमीटर. त्या रात्री कितीतरी भाविक रस्त्याच्या कडेनं पायी येतात. गाडी कडेला घेताना मागून कोण येतंय, हे त्या आरशातच दिसतं. १९०९ साली, गाड्यांना आरसेच नसायचे तेव्हा, डोरोथी लेव्हिट या मोटार चालवणाऱ्या बाईंनी बायकांना सांगितलं होतं, की जवळ हातआरसा ठेवा आणि मधूनमधून मागचं बघा.

नवा आरसा आणला आणि अंगणातच बसवला. दाराच्या आतून, काचेच्या पुढच्या कोपऱ्यात प्लास्टिकची त्रिकोणी टोपी असते. चपट्या पट्टीला फडकं गुंडाळून ती हळूच उचकटली, की बहुतेक गाड्यांत तीन नट किंवा स्क्रू दिसतात. वायर असली तर कपलरचा खटका दाबून सोडवा, वायर ओढू नका. खालच्या फटीत फडकं कोंबा. माझा एक नट निसटला, तो त्या फडक्यावरच अडकला. दारात पडला असता तर सगळं पॅड काढावं लागलं असतं. शेवटचा नट सोडताना बाहेरून आरसा धरायला माणूस हवाच. माझ्या मुलीनं धरला. नवा बसवताना खालचं रबर दुमडू देऊ नका, पाणी आत जातं. तिन्ही नट थोडे थोडे आवळा. एकच आधी गच्च केला तर आरसा तिरका बसतो.

नुसती काच फुटली असेल, तर पुष्कळ गाड्यांची काच वेगळी मिळते. पण साधा आरसा कापून चिकटवू नका. डावी काच मुद्दाम फुगीर केलेली असते. तिच्यात मागचा रस्ता जास्त मावतो. मात्र माणूस असतो त्याहून लांब भासतो, हे ध्यानात ठेवून वळा.

पुढच्या चतुर्थीला पहाटे जालन्याहून येत होतो. थांबायला म्हणून गाडी डावीकडे घेणार, तेवढ्यात आरशात एक आजी दिसल्या. चपला हातात, डोक्यावर पदर. मी ब्रेक दाबला, त्या पुढं गेल्या.