दोन रेषांमधली माणसं

सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांवर गेलं. असे आकडे पुढ्यात घेऊन बसतो तो नगररचनाकार. त्याच्या नकाशावर दोन पूररेषा असतात. निळी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. आता लाल म्हणजे शंभर वर्षं निवांत, असं नव्हे बरं का! दरवर्षी शंभरात एक शक्यता, एवढाच अर्थ. निळीच्या आत नव्या बांधकामाला सहसा मनाई.

रेषा आखणं त्यामानाने सोपं; अवघड ते रेषांमधल्या माणसांचं. पाणी सगळ्यांच्या दारात सारखंच चढतं, पण दुमजली घरातली माणसं धान्याचं पिंप माडीवर नेतात. पत्र्याच्या खोलीतल्या भाडेकरूला माडी नसते, अनेकदा भाडेकरारही नसतो. मग पुनर्वसनाच्या यादीत त्याचं नाव घालायचं कसं?

या कामासाठीची नियोजनाची पदवी पुण्याच्या सीओईपी, अहमदाबादच्या सेप्ट अशा संस्थांत मिळते. नोकरी महापालिकेत, नगररचना खात्यात किंवा सल्लागार संस्थेत. खरं काम मात्र वस्तीत, भिंतीवरची चिखलाची रेघ टेपनं मोजत, “आजी, पाणी आधी कुठून शिरलं?” असं विचारत.