हृदयाच्या झडपेवरील चुना
(ज्ञातिसंमेलनातील व्याख्यान)



घरातील वडील माणूस जिना चढताना मधेच थांबते, तेव्हा ‘आता वय झाले’ असे म्हणून आपण स्वस्थ बसतो. हे स्वस्थ बसणे किती महाग पडते, एवढेच सांगण्यासाठी आम्ही आज उभे आहोत.

हृदयातून महाधमनीत रक्त जाते, त्या दारावर तीन पातळ पाकळ्यांची झडप असते. ती दिवसातून सुमारे एक लाख वेळा उघडते व मिटते. उतारवयात कित्येकांच्या या पाकळ्यांत कॅल्शियम साचून त्या ताठ होतात. निरोगी झडपेची वाट ३ ते ४ चौरस सेंटिमीटर असते. ती १ हून कमी झाली म्हणजे व्याधी गंभीर समजावी. पुढे दम लागणे, छातीत दुखणे, घेरी येणे सुरू झाले आणि उपाय झाला नाही, तर बहुधा थोड्याच वर्षांचा अवधी उरतो.

मग हा चुना जाळून का टाकू नये? बारामतीत जन्मलेले व पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले कुमार पटेल यांनी १९६४ साली अमेरिकेत कार्बन डायऑक्साइड लेसर सिद्ध केला. तो पुढे शस्त्रवैद्यांचे हत्यार झाला. १९८० नंतरच्या दशकात शरीराबाहेर काढलेल्या झडपांवर लेसर चालवून पाहण्यात आले. चुना निघाला, हे खरे. परंतु तो केवळ वरवर नसतो, पाकळीच्या अंगातच मुरलेला असतो. किरण किंचित खोल गेला की पाकळीस छिद्र पडण्याचे भय. त्याच सुमारास श्रवणातीत ध्वनिलहरींनी रुग्णांच्या झडपा साफ करण्यात आल्या. पण पुढे पाकळ्या आक्रसून रक्त मागे गळू लागले आणि ती पद्धत सोडून द्यावी लागली.

तात्पर्य, चुना काढणे निराळे आणि पाकळीला तिचा मूळचा लवचिकपणा परत देणे निराळे. म्हणून झडप बदलणे हाच आजही मुख्य उपाय होय. १६ एप्रिल २००२ रोजी फ्रान्समधील रुआं येथे डॉ. आलँ क्रिबिए यांनी छाती न उघडता, रक्तवाहिनीतून नळी नेऊन रुग्णास नवी झडप बसविली. हा उपाय आता आपल्या देशातही होतो.

परंतु उपायास वेळेवर पोहोचावे लागते. या व्याधीची खूण साध्या स्टेथॉस्कोपनेही बहुधा ऐकू येते. इकोकार्डिओग्राफीने तिची खात्री पटते. तेव्हा पुढील संमेलनापूर्वी प्रत्येक घराने आपल्या वडीलधाऱ्यांची छाती एकदा डॉक्टरांकडून तपासून घ्यावी, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.