आळंदीच्या वाटेची पिशवी



भाताची कापणी उरकत आली. कुणाचे भारे खळ्यावर आले, कुणाची झोडणीही सुरू झाली. आता शहापूर-मुरबाडच्या गावागावांत एकच विचारणा सुरू होईल, यंदा आळंदीला कोण कोण निघालंय? आषाढीला आपण आवणीच्या चिखलात गुडघाभर उभ्या असतो, त्यामुळे पंढरीची पायी वारी आपल्यातल्या थोड्याजणींनाच जमते. कार्तिकी मात्र आपली. पाऊस गेलेला, शेत मोकळं होत आलेलं. कार्तिक वद्य एकादशीला आळंदी गाठायची आणि त्रयोदशीचा समाधी सोहळा डोळ्यांनी बघायचा. १२९६ साली याच तिथीला माऊलींनी समाधी घेतली.

आज आम्ही बोलणार आहोत पिशवीबद्दल. जाताना तिच्यात काय भरायचं आणि येताना काय आणायचं. विषय किरकोळ वाटेल, पण वारी सुखाची होणार की खांदा धरून बसायची वेळ येणार, ते बरंचसं या पिशवीवर असतं. आणि काहीजणी तर येतानाच्या पिशवीच्या धास्तीनं घरातूनच निघत नाहीत. तेही पुढे सांगतो.

आधी वाट डोळ्यांपुढे आणा. शहापूरकडच्या बायका किन्हवलीवरून सरळगावला येतात, मुरबाडच्या तिथंच मिळतात. पुढे टोकावडे, मग माळशेज घाट. घाट चढला की ओतूर, आळेफाटा, नारायणगाव, मंचर, राजगुरुनगर आणि आळंदी. आठवडाभराची चाल. दुपारी ऊन चटका देतं आणि घाटावर रात्री थंडी हाडात शिरते. म्हणजे पिशवी दोन्हींसाठी हवी, आणि तरीही हलकी हवी.

दिंडीबरोबर टेम्पो असतो, त्यात अंथरूण-पांघरूण जातं. पण टेम्पो पुढच्या मुक्कामाला भेटतो. दिवसभर आपल्याबरोबर असते ती खांद्यावरची पिशवी. ती दोन किलोच्या वर जाऊ देऊ नका. अंदाज येत नसेल तर घरात दोन किलो तांदूळ मोजा, पिशवीत घाला आणि शेतापर्यंत जाऊन या. मग कळेल की सकाळचे दोन किलो संध्याकाळी किती होतात.

खांद्यावरच्या पिशवीत एवढंच ठेवा. पाण्याची बाटली, तीही अर्ध्या लिटरची, कारण वाटेत भरता येते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो ओझं. मूठभर शेंगदाणे आणि गूळ. रोजच्या गोळ्या, त्याही पाकिटासकट, म्हणजे गरज पडली तर डॉक्टरला नाव वाचता येईल. जलसंजीवनीची दोन पाकिटं. खोबरेल तेलाची छोटी बाटली आणि जुन्या सुती साडीचा फाडलेला तुकडा. पायाला फोड आला तर दोन्ही लागतं. आधारकार्ड. आणि एका कागदावर घरचा फोन नंबर. मोबाइल बंद पडला तर पाठ असलेला नंबरसुद्धा ऐन वेळी आठवत नाही.

टेम्पोतल्या पिशवीत अंगावरची सोडून दोन साड्या पुरतात. एक वाळत असते, एक घडीत असते. जाड गोधडीऐवजी एक शाल आणि खाली घालायला मेणकापड घ्या. दवानं जमीन ओली असते. ताट, वाटी, बॅटरी. ज्यांची पाळी येण्यासारखी आहे त्यांनी पॅड किंवा स्वच्छ घड्या आणि गुंडाळायला जुनी वर्तमानपत्रं आठवणीनं घ्या. यात लाजण्यासारखं काही नाही, आणि वाटेत दुकान शोधत फिरणं फार जड जातं. नव्या चपला मात्र नकोत. घ्यायच्याच असतील तर आज घ्या आणि निघेपर्यंत रोज घाला.

आता एक काम करा. पिशवी भरली की पुन्हा सगळी ओता आणि एकेक वस्तू उचलून विचारा, ही कुणाची? बघा, त्यात यजमानांचं स्वेटर निघेल, सासूबाईंच्या मैत्रिणीला द्यायचा डबा निघेल, शेजारणीनं नवसाचा म्हणून दिलेला नारळ निघेल. आयुष्यभर सगळ्यांचं ओझं उचलायची सवय असते, ती वारीतही सुटत नाही. यजमान दिंडीत असतील तर त्यांचं स्वेटर त्यांच्या पिशवीत जाऊ द्या. नारळाऐवजी शेजारणीच्या नावानं नमस्कार करा, तो पोचतो.

द्यायचंच असेल तर आपला नवा तांदूळ दिंडीच्या स्वयंपाकाला द्या. तो टेम्पोत जातो, सगळ्यांच्या पंगतीत बसतो आणि येताना ओझं म्हणून परत येत नाही.

आता येतानाचं. वारीला का जात नाही, असं आम्ही बायकांना विचारतो तेव्हा एक उत्तर हळू आवाजात येतं. जाण्यायेण्याचं जमेल हो, पण आल्यावर सगळ्यांना काहीतरी द्यावं लागतं, तेवढे पैसे कुठून आणू? नणंदेला बांगड्या, जावेच्या मुलांना खेळणी, भावकीत घरटी काहीतरी. मैत्रिणींनो, एवढ्यासाठी कुणाची वारी राहत असेल तर चूक तिची नाही, आपल्या रीतीची आहे.

प्रसाद चिमूटभरच असतो. बुक्क्याची एक पुडी आणि पावशेर लाह्या-बत्तासे यांत अख्खी आळी होते. घरून निघतानाच कागदाचे चौकोनी तुकडे कापून घ्या, म्हणजे पुड्या बांधायला सोपं. ज्यांना माळ हवी त्यांच्यासाठी तुळशीची माळ घ्या, पण ओला रुमाल मण्यांवर घासून बघा. रंग सुटला तर लाकूड रंगवलेलं आहे, ठेवून द्या. मुलांना प्लॅस्टिकच्या गाड्या नकोत, त्या आपल्या बाजारातही मिळतात. हरिपाठाची छोटी पुस्तिका आणा, वजन काहीच नाही आणि संध्याकाळी मुलंच तुम्हाला वाचून दाखवतील.

इंद्रायणीचं पाणी बाटल्या भरभरून आणू नका. ओझं तर आहेच, पण आळंदीला नदीवर पांढरा फेस आलेला तुम्ही पाहिला असेल. ते कारखान्यांचं आणि गटारांचं सांडपाणी आहे. श्रद्धेनं हात जोडा. पण ते पाणी तीर्थ म्हणून लेकरांना आणि आजाऱ्यांना पाजू नका.

परतीच्या वाटेवर ओतूरला कांद्याचा बाजार दिसतो, नारायणगावला टोमॅटोचा. स्वस्त दिसलं की आपला हात राहत नाही. पण दहा किलोचं पोतं एसटीत चढवायचं, उतरवायचं आणि फाट्यापासून घरापर्यंत न्यायचं कुणी, हे आधी ठरवा. घोंगडी, टोपली, सूप यांसाठीही लांब जायला नको. पौष पौर्णिमेला आपल्याच तालुक्यात म्हशाची जत्रा भरते.

येताना एसटीनं येणार असाल तर १७ मार्च २०२३ पासून बायकांना निम्मं तिकीट आहे, आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजींना प्रवास फुकट. आधारकार्ड हाताशी ठेवा ते त्यासाठीच. गर्दी एवढी असते की सामान ठेवायला जागा मिळेलच असं नाही. म्हणून माप साधं ठेवा. मांडीवर मावेल तेवढीच पिशवी.

आणि स्वतःसाठी एक तरी वस्तू घ्या. काचेच्या बांगड्या आवडल्या तर पिशवीत फुटतील, हातात घालूनच या. तुळशीच्या मंजिऱ्या रुमालाच्या गाठीत बांधून आणा, पावसाच्या तोंडावर वृंदावनात टाका. आळ्याला माऊलींच्या रेड्याची समाधी आहे, तिथं टेकलात तर काय पाहिलं ते लक्षात ठेवा. दुसऱ्या दिंडीतल्या बाईकडून एखादी चाल शिका, एखाद्या चटणीची कृती विचारा, तिचा फोन नंबर लिहून घ्या. अडीनडीला घाटावर आपलं एक माणूस होतं.

शेवटचं सांगणं घरी राहणाऱ्यांना. वारीहून बाई आली की तिच्या पिशवीकडे बघू नका. काय आणलंस, हे विचारू नका. आधी पायांवर गरम पाणी घाला, तांदळाची भाकरी वाढा आणि मग विचारा, वाट कशी होती? ती सांगेल. घाट कसा चढली, थंडीत कुणी पांघरूण दिलं, समाधीपुढे उभं राहिल्यावर काय झालं. ऐकायला मात्र बसा.

चला, झोडणी उरकून घ्या आणि चपला पायात घालून बघा. राम कृष्ण हरी.