निबंध आणि उतारा : परीक्षेची खरी तयारी

(मंडळाच्या विद्यार्थी गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



आमचे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. १९७५ साली ती परीक्षा उतरलो, पुढे दोन वर्षे अध्यापक विद्यालयात काढली आणि त्यानंतर पाचवी ते सातवीच्या मुलांना मराठी शिकविण्यात सारी नोकरी गेली. तेव्हा आमच्याकडून विद्वत्तेची अपेक्षा आपण करणार नाही, अशी खात्री आहे. जे वर्गात पाहिले आणि जेथे आम्ही स्वतः चुकलो, तेवढेच आज सांगणार आहोत.

दरवर्षी या समारंभात गुणपत्रिका आमच्या हाती येतात. त्यांत एक गोष्ट वारंवार आढळते. गणितात उत्तम गुण मिळविणारा आपला मुलगा मराठीत मागे पडलेला असतो. पालकांस विचारावे, तर ते म्हणतात, "मराठीचे काय गुरुजी, ती तर आपली घरचीच भाषा. तिचा वेगळा अभ्यास कशाला?" बंधूंनो, घरात सुई-दोरा असला म्हणून घरातील प्रत्येकास शर्ट शिवता येतो काय? बोलणे निराळे आणि लिहिणे निराळे. लिहिण्याची विद्या हातास वळण लावल्यावाचून येत नाही, हे आपल्या समाजाला तरी समजावून सांगण्याची गरज नसावी.

या विद्येला परीक्षेत किती मोल आहे, ते पाहा. दहावीच्या मराठी प्रथम भाषेच्या कृतिपत्रिकेत लेखी ८० गुणांपैकी २४ गुण उपयोजित लेखनाला दिलेले आहेत. पाचवीत असताना आपली मुले नवोदय विद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेस बसतात. १९८५-८६ साली देशात पहिली दोन नवोदय विद्यालये निघाली, त्यांपैकी एक आपल्या अमरावतीचे. त्या परीक्षेतील भाषेचा विभाग म्हणजे चार उतारे आणि प्रत्येकावर पाच प्रश्न. व्याकरणाचे पाठांतर तेथे उपयोगी पडत नाही. मोठेपणी संघ लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेस बसावे, तर तेथे भारतीय भाषेची ३०० गुणांची एक सक्तीची प्रश्नपत्रिका असते. तिच्यात १०० गुण निबंधाला, ६० उताऱ्याच्या आकलनाला आणि ६० सारांशाला आहेत. तिच्यात किमान पंचवीस टक्के गुण मिळाले नाहीत, तर उमेदवाराच्या बाकीच्या विषयांचे गुण धरलेच जात नाहीत. आपल्या राज्याच्या लोकसेवा आयोगानेही २०२५ पासून राज्यसेवेच्या मुख्य परीक्षेसाठी वर्णनात्मक पद्धत स्वीकारली. सारांश, पाचवीत ज्याची टाळाटाळ केली, तेच पंचविसाव्या वर्षी पुन्हा समोर येऊन उभे राहते.

आता आमच्या चुकीची गोष्ट सांगतो.

सुमारे १९९० ची गोष्ट. त्या काळी आमची शिकविण्याची पद्धत अशी होती की, परीक्षेत येण्याजोगे दहा-बारा निबंध आम्ही फळ्यावर लिहून देत असू आणि मुले ते वहीत उतरवून तोंडपाठ करीत. निकाल चांगला लागे आणि मुख्याध्यापकही प्रसन्न असत. सहामाही परीक्षेत सातवीला 'माझे बाबा' हा विषय आला. आपल्याच समाजातील एका मुलीने सुवाच्य अक्षरात लिहिले की, माझे बाबा रोज सकाळी दहा वाजता कचेरीत जातात, संध्याकाळी येताना खाऊ आणतात आणि रविवारी आम्हांस बागेत नेतात. एकही शब्द चुकला नव्हता. आम्ही तिला दहापैकी आठ गुण दिले.

तिचे वडील शाळेच्या रस्त्यावर एका पत्र्याच्या टपरीत शिलाई यंत्रावर बसत. शाळेतील निम्म्या मुलांचे गणवेश त्यांच्या हातचे. त्यांना वाचता फारसे येत नसे. गुण मिळालेला पेपर त्यांनी शेजारच्या दुकानदाराकडून मोठ्या हौसेने वाचवून घेतला. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ते आमच्याकडे आले, नमस्कार केला आणि हळूच विचारले, "गुरुजी, पोरीनं लिहिलंय ते कुणाच्या बापाबद्दल हो?"

आम्हांस उत्तर देता आले नाही. निबंध आमचाच होता. त्यातील कचेरी आमची, खाऊ आमचा आणि बागही आमचीच. त्या गावात तर बाग नव्हतीच. आम्ही स्वतः शिंप्याच्या घरात जन्मलो. आमच्या वडिलांचे यंत्रही माजघरात रात्रंदिवस चाले. असे असून फळ्यावर 'बाबा' लिहिताना आमच्या डोळ्यांसमोर शिंपी का आला नाही, हा प्रश्न आम्हांस त्या दिवशी पडला आणि आजही तो सुटलेला नाही. मुलीस तिच्या घराची लाज वाटावी असे आम्ही तोंडाने कधी बोललो नव्हतो. पण निबंधात लिहिण्याजोगे बाप वेगळे असतात, एवढे मात्र आम्ही तिला शिकविले होते.

त्या आठवड्यात आम्ही वर्गाला तोच विषय पुन्हा दिला आणि बजावले की, वहीतील एकही वाक्य चालणार नाही. जे स्वतः पाहिले असेल तेवढेच लिहावे. बराच वेळ कोणी पेन उचलीना. अखेर त्या मुलीने सात-आठ ओळी लिहिल्या. बाबा तोंडात टाचण्या धरतात, म्हणून बाही जोडून होईपर्यंत आमच्या बोलण्याला नुसते 'हूं' म्हणतात. आणि जूनमध्ये शाळा सुरू झाली की प्रार्थनेच्या वेळी कुंपणाशी उभे राहून आपण शिवलेले गणवेश मोजतात, असे तिने लिहिले होते. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पाच-सहा होत्या. पण तो निबंध दुसऱ्या कोणाचा असणे शक्य नव्हते. तो आम्ही तिच्या वडिलांना स्वतः टपरीत जाऊन वाचून दाखविला. त्यांनी यंत्र थांबविले, ऐकून घेतले आणि काही न बोलता पुन्हा चालू केले.

या प्रसंगानंतर आम्ही फळ्यावर निबंध लिहून देणे बंद केले. त्या वर्षी निकाल थोडा उतरला, बोलणीही खावी लागली. परंतु पुढील दोन वर्षांत मुले लिहू लागली. तेव्हा कोणत्या पद्धतीने शिकविले, ते पालकांस घरी उपयोगी पडावे म्हणून सांगतो.

निबंधाचे काम कपडा शिवण्यासारखेच आहे. प्रथम माप घ्यावे, म्हणजे विषय दोनदा वाचून त्यात नेमके काय मागितले आहे ते पाहावे. 'पावसाळ्यातील एक दिवस' असा विषय असता संपूर्ण पावसाळ्याचे वर्णन करणारी मुले शेकडो आढळतात. मग बेतावे. हाती पंचवीस मिनिटे असतील, तर पहिली पाच कच्च्या मुद्द्यांना द्यावीत. आठवेल ते एकेका शब्दात टिपावे, त्यातील चार-पाच मुद्दे निवडावे आणि त्यांना क्रम लावावा. मुलांना ही पाच मिनिटे वाया गेल्यासारखी वाटतात. पण न बेतता कापडाला कात्री लावणारा कारागीर आपण दुकानात ठेवू काय? नंतर शिवावे. एका परिच्छेदात एकच मुद्दा असावा, वाक्ये आटोपशीर असावीत, आणि प्रत्येक मुद्द्यास स्वतः पाहिलेली निदान एक गोष्ट जोडावी. सुरुवातीस सुविचारांची झालर लावण्याची आवश्यकता नाही. शेवटी दोरे कापावेत. म्हणजे तीन मिनिटे राखून ठेवून सारे पुन्हा वाचावे आणि शुद्धलेखन तपासावे. त्या मुलीच्या पाच-सहा चुका आम्ही गोड मानल्या. परीक्षक मानणार नाही.

उताऱ्याच्या बाबतीत मुलांची चूक वेगळ्या प्रकारची असते. निबंधात ती स्वतःचे लिहीत नाहीत आणि उताऱ्यात मात्र स्वतःचेच घुसडतात. उदाहरणादाखल आम्ही वर्गात देत असलेला एक छोटा उतारा सांगतो. "दिवाळीच्या आधीचा आठवडाभर सखाराम शिंप्याच्या दुकानातील दिवा रात्री दोनपर्यंत जळत असे. गिऱ्हाइकांची रीघ लागलेली असे. दिवाळीच्या दिवशी त्याची मुले मात्र गतवर्षीचेच कपडे घालून अंगणात खेळत."

पहिला प्रश्न, दिवा किती वाजेपर्यंत जळत असे? याचे उत्तर उताऱ्यात उघड आहे. दुसरा प्रश्न, मुलांच्या अंगावर नवे कपडे का नसावेत? चाळीसपैकी तीस मुले लिहीत, 'सखाराम गरीब होता म्हणून.' आम्ही विचारीत असू, "गरीब हा शब्द कोठे आहे, त्यावर बोट ठेवा." बोट कोठेच ठेवता येत नसे. उलट गिऱ्हाइकांची रीघ आहे, दिवा दोनपर्यंत जळतो आहे, म्हणजे काम भरपूर होते. लोकांचे कपडे शिवता शिवता घरच्यांचे शिवण्यास सवड उरली नसावी, हे उत्तर उताऱ्यास अधिक धरून आहे. तिसरा प्रश्न शीर्षकाचा. 'दिवाळी' हे शीर्षक फार सैल, 'सखारामचा दिवा' हे फार तंग. 'शिंप्याची दिवाळी' हे बरोबर अंगावर बसते.

तेव्हा मुलांनो, एवढे ध्यानात ठेवा. उतारा आधी एकदा सबंध वाचावा, मग प्रश्न वाचावेत, आणि पुन्हा उताऱ्याकडे यावे. प्रत्येक उत्तराचा आधार कोणत्या ओळीत आहे, तेथे बोट ठेवता आले पाहिजे. तुमचे मत विचारले असेल तेथेच मत द्यावे. सारांश लिहिताना उदाहरणे व पाल्हाळ गाळून मूळ मुद्दा आपल्या शब्दांत मांडावा. मधली वाक्ये जशीच्या तशी उचलणे म्हणजे सारांश नव्हे.

पालकांस आमची विनंती याहून सोपी आहे. रात्री जेवणे झाल्यावर मुलाकडून वर्तमानपत्रातील एक बातमी मोठ्याने वाचून घ्यावी आणि ती त्याला दोन वाक्यांत सांगावयास लावावी. आठवड्यातून एकदा, दिवसभरात पाहिलेल्या एका गोष्टीवर दहा ओळी लिहून घ्याव्यात. आपणांस वाचता येत नसेल, तरी त्यालाच वाचून दाखविण्यास सांगावे. 'हे कोणाबद्दल आहे रे?' एवढे विचारण्यास मॅट्रिक होण्याची गरज नाही. आम्हांस तो प्रश्न ज्यांनी विचारला, त्यांचेही शिक्षण फारसे नव्हते.

पूर्वी तयार निबंधांसाठी मार्गदर्शिका विकत घ्यावी लागे. आता हातातील मोबाइलला विषय सांगितला की तो क्षणात सबंध निबंध लिहून देतो, आणि तो आमच्या फळ्यावरील निबंधापेक्षा खासच चांगला असतो. पण परीक्षेच्या दालनात मोबाइल नेता येत नाही. आणि तोंडात टाचण्या धरणारे बाबा, घरच्या मुलीने सांगितल्यावाचून, त्याला कोठून ठाऊक असणार?

जाता जाता इतिहासातील एक गोष्ट सांगतो. १८५५ साली 'ज्ञानोदय' पत्रात मुक्ता साळवे या शाळकरी मुलीचा निबंध छापला गेला. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात मुलींसाठी ज्या शाळा काढल्या, त्या काळातील ही विद्यार्थिनी. मांग आणि महार समाजाची दुःखे तिने त्या निबंधात मांडली. त्या वेळी पंतोजींच्या हाताखाली शिकलेल्या कित्येक मुलांनी सुंदर अक्षरात कित्ते गिरविले असतील. आज त्यांतील एकाचेही नाव कोणी घेत नाही. मुक्ताचा निबंध मात्र १७० वर्षांनंतरही वाचला जातो, कारण तिने स्वतःच्या लोकांविषयी, स्वतः पाहिलेले लिहिले.

आपल्या मुलांनी गुण मिळवावेत, अधिकारी व्हावे, ही आमचीही इच्छा आहे. परंतु कोऱ्या कागदावर आपल्या घराचे नाव लिहिताना त्यांचा हात अडखळू नये, ही त्याहून मोठी इच्छा आहे. मंडळाने पुढील वर्षापासून मुलांच्या स्वतंत्र निबंधांची स्पर्धा घ्यावी आणि निवडक निबंध या स्मरणिकेत छापावेत, अशी सूचना करतो. तपासण्याचे काम आम्ही आनंदाने करू. फक्त या खेपेस गुण देताना अधिक सावध राहू.