कोण कोणावर अवलंबून?



पुरणपोळीला आधी काय लागते, हे आपल्या घरात कोणीही सांगेल. डाळ शिजल्याशिवाय पुरण नाही, पुरण झाल्याशिवाय पोळी नाही. पुरणात गूळ कमी पडला, तर आपण पुरण पुन्हा चुलीवर ठेवतो, कणीक काही टाकून देत नाही. कशावर काय अवलंबून आहे हे ठाऊक असले, म्हणजे काय पुन्हा करायचे आणि काय तसेच ठेवायचे, हे आपोआप कळते. संगणकाच्या कामातही हाच प्रश्न रोज पडतो.

संगणकाचा मोठा प्रोग्राम एकाच फाइलीत लिहीत नाहीत. त्याचे लहान लहान भाग करतात, त्यांना मॉड्यूल म्हणतात. समजा, गावच्या दूध सोसायटीसाठी सी भाषेत एक प्रोग्राम लिहिला. त्यात तीन भाग आहेत. ‘दर’ या भागात दुधाचा भाव लिहिला आहे. ‘खाते’ हा भाग तो भाव घेऊन हिशेब करतो आणि ‘पावती’ हा भाग पावती छापतो. माणसाने लिहिलेला मजकूर यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रामला कंपाइलर म्हणतात. एक भाग बदलला, की त्याच्यावर विसंबलेले सारे भाग कंपाइलरकडून पुन्हा उतरवून घ्यावे लागतात.

आता हे लक्षात कोणी ठेवायचे? अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीजमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी 1976 साली यासाठी ‘मेक’ नावाचे साधन तयार केले. त्यामागची हकीकत मोठी बोलकी आहे. त्यांच्या एका सहकाऱ्याने प्रोग्राममधली चूक दुरुस्त केली होती, परंतु दुरुस्त केलेला भाग पुन्हा उतरवायचा राहून गेला. बिचारा सकाळभर बरोबर असलेल्या प्रोग्राममधली चूक शोधत बसला! मेकला एक यादी द्यायची: अमुक भाग तमुक फाइलींवर अवलंबून आहे. मग मेक फाइलींच्या वेळा पाहते आणि जे शिळे झाले असेल तेवढेच नव्याने करून घेते.

पण श्रोतेहो, ही यादी तरी खरी आहे कशावरून? आपल्या सोसायटीचेच पाहा. ‘पावती’च्या फाइलीत लिहिले आहे, ‘मला खाते लागते’. ‘दर’चा तिथे उल्लेखही नाही. मात्र ‘खाते’च्या आत लिहिले आहे, ‘मला दर लागतो’. हाताने यादी करणारा माणूस ‘पावती’पुढे ‘खाते’ लिहील आणि थांबेल. पुढे भाव वाढला, कोणीतरी ‘दर’ सुधारला. ‘खाते’ नवे झाले, ‘पावती’ मात्र जुनीच राहिली. खात्यात नवा भाव आणि पावतीवर जुना! उत्पादकाने कोणता आकडा खरा मानावा? यंत्र बिघडले नव्हते आणि कोणी लबाडीही केली नव्हती. यादीतला एक शब्द तेवढा राहिला होता.

म्हणून ही यादी आठवणीवर न सोडता प्रत्यक्ष फाइली वाचून करायची, असे ठरले. जीसीसी नावाच्या प्रसिद्ध कंपाइलरला हे काम येते. पडद्यावर एक ओळ टाइप करायची: ‘जीसीसी -एमएम पावती.सी’. तो ‘पावती’ वाचतो, तिथून ‘खाते’त शिरतो, ‘खाते’तून ‘दर’पर्यंत पोचतो आणि उत्तर छापतो: पावतीला खातेही लागते, दरही लागतो. तेच उत्तर मेकच्या हाती द्यायचे. मध्ये माणसाची विसरभोळी आठवण येत नाही.

यादी झाली की क्रम लावायचा. आर्थर कान यांनी 1962 साली त्याची रीत प्रसिद्ध केली आणि युनिक्सच्या 1979 सालच्या सातव्या आवृत्तीत ‘टी-सॉर्ट’ नावाची आज्ञा हेच काम करीत होती. क्रम लावताना कधी कधी चक्रही सापडते. विहिरीसाठी कर्ज हवे आणि कर्जाला विहिरीचेच तारण हवे, अशातली ती गत. टी-सॉर्ट चक्र दाखवून देते, पण ते कोठे तोडायचे हे माणसानेच ठरवायचे असते.

या साधनाला मर्यादाही आहे. फाइलीत लिहिलेले तेवढेच त्याला दिसते. प्रोग्राम चालू असताना भाव दुसऱ्या एखाद्या तक्त्यातून घेत असेल, तर ते नाते या यादीत येणार नाही. ते आपल्यालाच नोंदवून ठेवावे लागेल.

शिक्षक बंधुभगिनींनो, ही रीत शिकवायला संगणक लागत नाही. फळ्यावर गणिताचे धडे लिहा: बेरीज, गुणाकार, क्षेत्रफळ, घनफळ. कोणत्या धड्याला आधी कोणता धडा यावा लागतो, तसे मुलांकडून बाण काढून घ्या. मग ज्याच्याकडे एकही बाण येत नाही, तो धडा पहिला लिहा, त्याच्यासकट त्याचे बाण पुसा आणि पुन्हा तसाच धडा शोधा. शेवटी फळा रिकामा झाला, तर क्रम बरोबर लागला. काही धडे उरले आणि प्रत्येकाकडे बाण येतच असला, तर चक्र सापडले. कान यांची रीत ती हीच.

मात्र बाण काढताना मुलांना एवढे अवश्य सांगा: आठवणीने काढू नका, धडा उघडून पाहा.