अष्टप्रधान : नेमणूक, फेरबदल आणि वंशपरंपरा

(आपल्या मंडळाच्या यवतमाळ येथील वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



इतिहासातील एखाद्या विषयावर चार शब्द बोलावेत, अशी मंडळाच्या चालकांनी मला आज्ञा केली. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर, इतिहाससंशोधक नव्हे. तथापि चौथीच्या मुलांना शिवचरित्र शिकविण्यात माझ्या आयुष्याची बरीच वर्षे गेली. अष्टप्रधानांची नावे मुले घडाघडा म्हणून दाखवीत. परंतु हे प्रधान नेमले कसे जात आणि बदलले कसे जात, हा प्रश्न परीक्षेत कधी विचारला जात नसे. आज त्याच प्रश्नाचा विचार करण्याचे योजिले आहे. दुपारच्या सत्रात आपल्या मंडळाच्या नव्या कार्यकारिणीची निवड व्हावयाची आहे. तेव्हा हा विषय अगदीच अप्रस्तुत ठरू नये.

ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६, म्हणजे ६ जून १६७४ रोजी रायगडावर शिवाजी महाराजांना राज्याभिषेक झाला. त्या प्रसंगी प्रधान सिंहासनाभोवती कलश घेऊन उभे असल्याचे वर्णन बखरीत आढळते. पूर्वेस मुख्य प्रधान तुपाचा सुवर्णकलश घेऊन, दक्षिणेस सेनापती दुधाचा रौप्यकलश घेऊन, पश्चिमेस अमात्य दह्याचा ताम्रकलश घेऊन उभे होते. राज्याचा भार राजाने एकट्याने वाहावयाचा नसून तो वाटून घ्यावयाचा असतो, हेच त्या विधीने जणू सर्वांस दाखविले. पेशवा, मुजुमदार, सुरनीस, वाकनीस, सरनोबत, डबीर ही पदे पूर्वीपासूनच चालत आलेली होती; त्यांस आता मुख्य प्रधान, अमात्य, सचिव, मंत्री, सेनापती, सुमंत अशी संस्कृत नावे मिळाली. न्यायाधीश आणि पंडितराव धरून आठ पदे झाली. मोरोपंत पिंगळे मुख्य प्रधान, अण्णाजी दत्तो सचिव, हंबीरराव मोहिते सेनापती, निराजी रावजी न्यायाधीश, येणेप्रमाणे योजना झाली.

ह्या योजनेच्या मुळाशी दोन तत्त्वे होती. पहिले असे की, प्रधानास वेतन रोख मिळे. मुख्य प्रधानास सालिना १५,००० होन, अमात्यास १२,००० आणि इतरांस १०,००० होन असा मान होता. पदाबरोबर जहागीर द्यावयाची नाही, हा महाराजांचा कटाक्ष होता. कारण वेतन थांबविता येते, परंतु एकदा दिलेला मुलूख परत घेणे कठीण जाते. दुसरे तत्त्व असे की, पद हे वतन नव्हे. बापामागून मुलाने त्यावर हक्क सांगावा, असे नव्हते. न्यायमूर्ती रानडे यांनी १९०० साली प्रसिद्ध झालेल्या मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावरील आपल्या ग्रंथात ह्या गोष्टीवर विशेष भर दिला आहे; आणि पुढे हे तत्त्व सुटले तेव्हा राज्याची घडी विस्कटली, असे त्यांचे मत आहे.

फेरबदल कसा होत असे, ह्याचे उत्तम उदाहरण म्हणजे सरनोबतीचे पद. नेताजी पालकर हे नामांकित सरनोबत. परंतु १६६६ च्या प्रारंभी पन्हाळ्यावरील हल्ल्याच्या वेळी ते वेळेवर पोहोचले नाहीत. हल्ला फसला, माणसे गमावली. महाराजांनी त्यांना पदावरून दूर केले आणि प्रतापराव गुजर यांस नेमिले. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी प्रतापराव नेसरीच्या खिंडीत धारातीर्थी पडले. त्यांच्या घराण्याचा महाराजांनी बहुमान केला. राजाराम महाराजांचा विवाह प्रतापरावांच्या कन्येशी लावून दिला. पण सेनापतिपद मात्र हंबीरराव मोहिते यांना मिळाले. इकडे नेताजी मोगलांकडे जाऊन, धर्मांतर सोसून, १६७६ साली परत आले. महाराजांनी त्यांस पदरी घेतले, स्वधर्मात घेतले. सेनापतिपद मात्र हंबीररावांकडेच राहिले. माणसास क्षमा करणे वेगळे आणि पद देणे वेगळे. सन्मान घराण्याचा करावा, जबाबदारी मात्र योग्य हातांत द्यावी, हा धडा ह्या एका पदाच्या इतिहासात स्पष्ट दिसतो.

ह्याचा अर्थ मुलाला पद वर्ज्य होते, असाही नव्हे. रामचंद्र नीलकंठ अमात्य हे निळो सोनदेव मुजुमदारांचे चिरंजीव. संभाजी महाराजांच्या वधानंतर १६८९ साली राजाराम महाराजांना जिंजीस जावे लागले, तेव्हा ह्याच रामचंद्रपंतांनी महाराष्ट्रात राहून राज्य सावरून धरिले. तेव्हा सूत्र असे ठरते: पुत्र आहे म्हणून अधिकार नाही, आणि पुत्र आहे म्हणून बंदीही नाही. कसोटी कामाची.

हे सूत्र शिथिल कसे झाले? दोष एकट्या कोणाचा नव्हता. काळच कठीण होता. औरंगजेबाशी झुंज चालू असताना खजिना रिकामा पडला, रोख वेतन देणे अशक्य झाले; म्हणून सरदारांस मुलूख तोडून देण्याची रीत राजाराम महाराजांच्या काळी वाढली. जिंजीस प्रल्हाद निराजी यांच्यासाठी ‘प्रतिनिधी’ हे नवे पद निर्माण झाले. ज्याने मुलूख तलवारीने मिळविला त्याच्या मुलाकडून तो कोण घेणार? मुलुखाबरोबर पदही घराण्यात स्थिरावले.

१७०८ साली साताऱ्यास शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला. आरंभी पेशवेपद मोरोपंतांच्याच पिंगळे घराण्यात, बहिरोपंतांकडे होते. बहिरोपंत कान्होजी आंग्रे यांच्या कैदेत पडले आणि १७१३ साली शाहू महाराजांनी बाळाजी विश्वनाथ यांस पेशवाईची वस्त्रे दिली. कर्तृत्व पाहून घराणे बदलण्याचा हा मोठा फेरबदल होय. मुख्य प्रधानपदाच्या बाबतीत तो शेवटचाच म्हटला पाहिजे. १७२० साली बाळाजींच्या मागे त्यांचे पुत्र बाजीराव विशीच्या आत पेशवे झाले. ती निवड उत्तम ठरली, आणि तीतच पुढील अडचणीचे बीज होते. कारण पहिला मुलगा कर्तबगार निघाला म्हणजे पुढच्या मुलांची परीक्षा कोणी घेत नाही.

मंत्रिमंडळात राजाचा शब्द चालेनासा झाला म्हणजे काय होते, हे १ एप्रिल १७३१ रोजी गुजराथेतील डभईस दिसले. एकाच छत्रपतींचे पेशवे आणि सेनापती समोरासमोर लढले आणि सेनापती त्रिंबकराव दाभाडे मारले गेले. शाहू महाराजांनी सेनापतिपद दिले ते त्यांच्याच धाकट्या भावाला, यशवंतरावांना.

हीच कथा आपल्या जिल्ह्यातही घडली आहे. ‘सेनासाहेबसुभा’ हा किताब अष्टप्रधानांतील नव्हे. पण वऱ्हाड-नागपूरकडील भोसल्यांना तो शाहू महाराजांनी दिला. परसोजी भोसल्यांच्या मागे तो कान्होजींकडे आला आणि त्यांनी ह्या यवतमाळ जिल्ह्यातील भाम येथे आपले ठाणे केले. पुढे छत्रपतींशी त्यांचे वितुष्ट आले. तेव्हा महाराजांनी किताब काढून घेतला आणि तो दिला रघूजी भोसल्यांना. नात्याने कान्होजी त्यांचे चुलते. पुतण्याने चुलत्यावर चाल केली आणि वणीजवळ मंदर येथे कान्होजींना पकडले. पुढे ते साताऱ्यास कैदेत राहिले. रघूजी पराक्रमी निघाले, हे खरे. परंतु अवज्ञा करणाऱ्या एका सरदारास बदलावयाचे, तर राजाला त्याच्याच घरातील माणूस घ्यावा लागला आणि फौज पाठवावी लागली. नेताजींना दूर करण्यास एक आज्ञा पुरली होती.

१७४९ साली शाहू महाराज वारले आणि कारभार पुण्यास गेला. पेशवाईची वस्त्रे मात्र साताऱ्याहूनच येत राहिली. १७७४ साली पुरंदरावर जन्मलेल्या सवाई माधवरावांना ती मिळाली तेव्हा त्यांचे वय अवघे चाळीस दिवसांचे होते! शतकभरापूर्वी रायगडावर जे पद कसोटीस उतरलेल्या पुरुषास मिळाले, ते आता पाळण्यात येऊन पोहोचले. नाना फडणिसांसारखा कारभारी होता म्हणून गाडा चालला. पण नेमणुकीचा केवळ विधी उरला.

सहज तुलनेसाठी इंग्लंडकडे पाहू. तेथेही साधारण त्याच काळात राजाच्या हातून सत्ता मुख्य प्रधानाकडे गेली. बाजीराव १७२० साली पेशवे झाले. रॉबर्ट वॉल्पोल १७२१ साली अधिकारावर आले. परंतु १७४२ साली लोकसभागृहात बहुमत गेले, तेव्हा वॉल्पोलांस पद सोडावे लागले आणि त्यांच्या मुलास ते आपोआप मिळाले नाही. आजही तेथील राजा बहुमत असलेल्या नेत्यासच पंतप्रधान नेमतो, आणि इतर मंत्र्यांच्या नेमणुका व अदलाबदल त्या पंतप्रधानाच्या सल्ल्याने होतात. राजाचा हात सुटला, पण त्या जागी लोकसभेचा अंकुश आला. आपल्याकडे राजाचा हात सुटला आणि त्या जागी घराणे आले.

स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने हा अंकुश आपल्याला दिला आहे. राज्यपाल मुख्यमंत्र्यांची नेमणूक करतात, मुख्यमंत्र्यांच्या सल्ल्याने इतर मंत्री नेमले जातात आणि सारे मंत्रिमंडळ विधानसभेस जबाबदार असते. आपल्या जिल्ह्यातील पुसदचे वसंतराव नाईक १९६३ पासून १९७५ पर्यंत मुख्यमंत्री होते. पुढे ते पद शंकरराव चव्हाणांकडे गेले. कोठे डभई झाली नाही, कोठे फौज निघाली नाही. सत्ता शांतपणे एका हातातून दुसऱ्या हातात जाणे, हे थोडे नव्हे.

बंधुभगिनींनो, आता घरचा विचार. ज्या वडीलधाऱ्यांनी मूठमूठ धान्य आणि चार-चार आणे वर्गणी गोळा करून हे मंडळ उभे केले, त्यांचे ऋण आपल्या माथ्यावर आहे. त्यांच्या घरांचा सन्मान झालाच पाहिजे. परंतु अध्यक्षाच्या मागे त्याचा मुलगा आणि खजिनदाराच्या मागे त्याचा पुतण्या, ही वहिवाट पडू लागली, तर दूरच्या तालुक्यांतील कुटुंबे वर्गणी देऊन मोकळी होतात, सभेस येत नाहीत; आणि शिष्यवृत्तीचा अर्ज कोणाकडे द्यावा, हे त्यांच्या मुलांना कळत नाही. नुकसान होते ते त्या मुलांचे.

म्हणून माझ्या तीन नम्र सूचना आहेत. प्रत्येक पदास मुदत असावी. शिवाजी महाराजांच्या किल्ल्यावर हवालदार, सबनीस आणि कारखानीस मिळून कारभार पाहत, त्याप्रमाणे वसतिगृहाचा व शिष्यवृत्तीचा निधी एका हाती न राहता तिघांच्या हाती असावा. आणि हिशेब दरवर्षी भर सभेत वाचला जावा. संस्थापकांच्या मुलांनी अवश्य पुढे यावे. पण रामचंद्रपंतांसारखे, कामाने. आणि ज्यांच्या घरात पूर्वी कोणी पदाधिकारी झाला नाही, अशा तरुणांनी आणि आपल्या शिकलेल्या मुलींनीही संकोच न करता आपली नावे द्यावीत.

 दुपारच्या निवडीत आपण सर्व विवेकाने मत द्याल, ह्या विश्वासाने मी आपली रजा घेतो.